चिमूरची बातमी मुंबईहून आली
(भंडारा येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



‘युद्धकाळातील नभोवाणीचा एक दिवस’ हा विषय संयोजकांनी मला दिला आणि दिवस कोणता घ्यायचा ते माझ्यावर सोपवले. असे अनेक दिवस चटकन समोर येतात. ३ सप्टेंबर १९३९ घ्यावा, इंग्लंडचे पंतप्रधान चेंबरलेन यांनी रेडिओवरून युद्ध पुकारल्याचे सांगितले तो. किंवा १६ डिसेंबर १९७१, ढाक्यातल्या शरणागतीची बातमी घरोघरी पोचली तो. मी यातला एकही घेतलेला नाही. मी घेतला आहे १२ नोव्हेंबर १९४२, वार गुरुवार. त्या दिवशी संध्याकाळी मुंबईत गिरगावातल्या पारेखवाडीत पोलिसांनी दारे फोडून एक लहानसे रेडिओ केंद्र बंद पाडले. जेमतेम अडीच महिने चाललेले केंद्र. त्याचे नाव काँग्रेस रेडिओ. गिरगावातल्या त्या खोलीचे भंडाऱ्याशी काय नाते, हे आज मला सांगायचे आहे.

आधी त्या दिवशीचा आपला जिल्हा डोळ्यांसमोर आणा. दिवाळी चारच दिवसांपूर्वी झालेली. भाऊबीज झाली की आपल्या झाडीपट्टीत मंडयांच्या जत्रा भरू लागतात, रात्ररात्र दंडार हे लोकनाट्य चालते. बांधांवर हलका धान कापणीला आलेला. जिल्हा तेव्हा मध्यप्रांत-वऱ्हाडात, आणि गोंदिया आपल्यातच. ते वेगळे झाले १९९९ साली. कौलारू घरे, मालगुजारांचे वाडे, बिड्यांचे कारखाने, गावागावाचे तलाव. असा जिल्हा आणि जगाचे युद्ध यांचा संबंध काय, असे वरवर पाहणाऱ्याला वाटेल.

संबंध होता आणि तो जमिनीखालून होता. तुमसर तालुक्यातले डोंगरी बुजुर्ग, चिखला या मँगनीजच्या खाणी. मँगनीज घातल्याशिवाय चांगले पोलाद होत नाही आणि पोलादाशिवाय तोफ होत नाही, रणगाडा होत नाही, आगबोट होत नाही. मध्यप्रांतातले मँगनीज समुद्राला लावायचे म्हणून तर विशाखापट्टणमचे बंदर बांधले. १९३३ साली ते सुरू झाले. आपल्याकडचे काळे दगड बंगाल-नागपूर रेल्वेच्या वाघिणींत भरून पूर्व किनाऱ्याकडे जायचे. ६ एप्रिल १९४२ रोजी जपानी विमानांनी त्याच विशाखापट्टणमवर बॉम्ब टाकले. फेब्रुवारीत सिंगापूर गेले होते, मार्चमध्ये रंगून गेले होते, पण ती नावे भंडाऱ्याच्या माणसाला दूरची. विशाखापट्टणम दूरचे नव्हते. तुमसर रोडवर वाघीण भरणाऱ्या मजुराच्या हातचा माल जिथे उतरायचा ती ही जागा. युद्ध रुळांवरून उलटे चालत आपल्याकडे निघाले होते.

अशा वेळी माणूस बातमी शोधतो. कुठे शोधणार? नागपूरची वर्तमानपत्रे यायची, ओगल्यांचा ‘महाराष्ट्र’ यायचा, पण ८ ऑगस्टच्या ‘चले जाव’ ठरावानंतर छापायचे काय यावर सरकारची करडी नजर बसली होती. मग उरला रेडिओ. आज खिशात रेडिओ घेऊन फिरणाऱ्या पिढीला सांगावे लागेल की त्या काळी रेडिओला परवाना लागायचा. संच जड, लाकडी पेटीतला, आत व्हॉल्व्ह. लावला की लगेच बोलायचा नाही. व्हॉल्व्ह तापेपर्यंत वाट पाहायची. वीज बहुतेक गावांत नव्हतीच, त्यामुळे बॅटरी, आणि ती भरून आणायला शहराची वाट. अंगणात दोन बांबू रोवून त्यांच्यामध्ये एरियलची तार ताणायची. असा संच मालगुजाराकडे, वकिलाकडे, एखाद्या डॉक्टराकडे. नागपूरला केंद्र नव्हतेच. ते सुरू झाले १६ जुलै १९४८ रोजी. म्हणजे विदर्भाच्या भूमीवर विदर्भाशी बोलणारे एकही केंद्र त्या युद्धात नव्हते. मुंबई, दिल्ली, जे लागेल ते लघुलहरींवर ऐकायचे.

पण संच असला तर त्यात काय काय यायचे, हे ऐकून तुम्हाला नवल वाटेल. लंडनहून मराठी यायचे. होय, १९४२ साली बीबीसीवरून मराठीत युद्धवार्ता यायच्या. त्यांचा इंग्रजी मजकूर बऱ्याचदा लिहायचा जॉर्ज ऑर्वेल. पुढे ‘अ‍ॅनिमल फार्म’ लिहिणारा हा लेखक तेव्हा बीबीसीच्या पूर्वेकडील विभागात नोकरीला होता आणि त्याने लिहिलेला आठवड्याचा आढावा मराठी, गुजराती, बंगाली, तमिळ अशा भाषांत जायचा. त्याच कचेरीत वेणू चितळे ही आपली मराठी बाई काम करत होती. बॉम्ब पडत असलेल्या लंडनमध्ये राहून ती माइकसमोर बसायची. या वेणूताईंचे नाव मराठीत फार थोड्यांना ठाऊक आहे.

दुसरीकडे बर्लिन. १९४१च्या जानेवारीत कलकत्त्याच्या घरातून निसटलेले सुभाषबाबू १९४२च्या फेब्रुवारीत, सिंगापूर पडल्यावर, आझाद हिंद रेडिओवरून स्वतःच्या नावाने बोलले. हे ऐकणे जोखमीचे होते आणि तरी ऐकणारे ऐकत. खिडक्या लावून, आवाज बारीक करून, कान पेटीला लावून. लंडन म्हणायचे आम्ही जिंकतो आहोत, बर्लिन म्हणायचे इंग्रज हरतो आहे, आणि मधल्या खरखरीत ऐकणाऱ्याने आपला अर्थ लावायचा.

१२ नोव्हेंबरच्या दिवशी या सगळ्या केंद्रांवर बातम्यांचा पूर होता. आठ तारखेला अमेरिकी आणि इंग्रज फौजा मोरोक्को-अल्जीरियाच्या किनाऱ्यावर उतरल्या होत्या. एल अलामेनहून रोमेल मागे हटत होता आणि त्या लढाईत हिंदी सैन्याची चौथी डिव्हिजन होती. अकरा तारखेला जर्मन फौजा दक्षिण फ्रान्समध्ये शिरल्या. स्टालिनग्राडच्या भिंतीभिंतीसाठी झुंज चालू होती. म्हणजे भंडाऱ्याच्या एखाद्या वाड्यात बसलेला श्रोता त्या दिवशी टोब्रुक कुठे आहे, व्होल्गा कुठे आहे, हे नकाशावर बोट ठेवून सांगू शकला असता.

आणि तुमसर? ऑगस्टमध्ये तुमसरला पोलिसांनी जमावावर गोळ्या झाडल्या, आपल्या जिल्ह्यातली माणसे पडली. ते लंडनला नव्हते, मुंबईच्या सरकारी केंद्रावरही नव्हते. बाजाराच्या दिवशी कुजबुजत, बैलगाडीच्या वेगाने ती बातमी सरकत गेली. एकाचे तीन, तिनाचे तेरा होत गेले. मला आज मुख्य सांगायचे आहे ते हेच. युद्धाच्या काळात दूरची बातमी आधी येते आणि जवळची सगळ्यात शेवटी, आणि ती आणायला कुणाला तरी जिवावर उदार व्हावे लागते.

चिमूरचे उदाहरण घेऊ. भंडाऱ्यापासून चिमूर सरळ रेषेत ऐंशी किलोमीटरच्या आसपास, पवनीहून तर त्याच्या निम्मे. १६ ऑगस्ट १९४२, नागपंचमी. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या भजनांनी तो सारा मुलूख आधीच पेटलेला. सकाळी प्रभातफेरी निघाली, कार्यकर्त्यांना धरले, लोक चवताळले, पोलिसांनी गोळ्या चालवल्या. बालाजी रायपूरकर हा कोवळा पोरगा मारला गेला. मग जमाव आवरेना. सरकारी अधिकारी जिवानिशी गेले. त्याच दिवशी वर्धा जिल्ह्यात आष्टीलाही पोलीस ठाण्यावर असेच घडले, दोन्हीकडची माणसे मेली. यातले काहीही मी झाकून ठेवत नाही. जमावाने केलेल्या हत्या हत्याच होत्या. पण त्यानंतर चिमुरात जे झाले ते कुठल्याही कायद्यात बसणारे नव्हते. १९ ऑगस्टला लष्कर गावात आले. बाप्ये धरून नेले, घरे लुटली, आणि मागे राहिलेल्या बायकांची अब्रू घेतली. लहान मुली सुटल्या नाहीत, पोटुशा बाया सुटल्या नाहीत. पुढे नागपूरहून डॉ. मुंजे आणि काही धीट स्त्रिया चिमूरला गेल्या, त्या बायकांच्या तोंडून त्यांनी सगळे ऐकले. चौकशी करा म्हणून सरकारकडे मागणी झाली. सरकारने नाही म्हटले. वर्तमानपत्रांना छापायची बंदी.

चिमूरकडे आजही अभिमानाने सांगतात की सुभाषबाबूंनी बर्लिनहून चिमूर स्वतंत्र झाल्याची बातमी दिली. त्या सांगण्यामागची तहान मला मोठी वाटते. आपल्या गावाचे नाव जगाच्या हवेत एकदा तरी उच्चारले जावे, आपल्यावर गुदरलेले कुणीतरी मोठ्याने सांगावे, ही ती तहान. स्वतःच्या देशाच्या सरकारी रेडिओने ते सांगितले नाही म्हणून माणसे बर्लिनकडे कान लावून बसली.

ही तहान आपल्या देशातूनच भागवायचा प्रयत्न ज्यांनी केला, त्यांच्याकडे आता वळतो.

उषा मेहता तेव्हा बावीस वर्षांच्या. सुरतेजवळच्या सरस गावच्या, मुंबईत विल्सन कॉलेजात शिकलेल्या, वडील इंग्रज सरकारच्या न्यायखात्यात. ९ ऑगस्टला सगळे पुढारी पकडले गेले. सभा बंद, पत्रके जप्त, वर्तमानपत्रे मुकी. तेव्हा या मुलीने आणि तिच्या सोबत्यांनी ठरवले की आपले स्वतःचे रेडिओ केंद्र काढायचे. बाबूभाई खाकर आणि चंद्रकांत झवेरी हे सोबती. ‘शिकागो रेडिओ’वाले नानक मोटवानी यांची मदत. नरिमन प्रिंटर नावाच्या तंत्रज्ञाने प्रक्षेपक जुळवला. काय बोलायचे ते पाहायला डॉ. राममनोहर लोहिया, मोईनुद्दीन हॅरिस, आणि आपल्या नगरचे अच्युतराव पटवर्धन. २७ ऑगस्टला पहिले प्रक्षेपण झाले. ४२.३४ मीटरवर, हिंदुस्थानातल्या कुठल्यातरी ठिकाणाहून काँग्रेस रेडिओ बोलतो आहे, अशी घोषणा व्हायची. ठिकाण सांगायचे नाही, कारण ठिकाण कळले की संपले.

४२.३४ मीटर म्हणजे साधारण सात मेगाहर्ट्झ. हा आकडा जरा समजून घेऊ, कारण भंडाऱ्याचा सगळा संबंध या आकड्यात आहे. मध्यमलहरींचा लहानसा प्रक्षेपक शहराबाहेर फारसा जात नाही. लघुलहर मात्र आभाळाकडे जाते आणि वरच्या विद्युतभारित थरावर आपटून खाली येते. तलावात चपटा खडा मारला की तो जसा टप्पे घेत पलीकडच्या काठाला लागतो, तशी ती मधली गावे ओलांडून लांब जाऊन पडते. सात मेगाहर्ट्झची लहर संध्याकाळनंतर शेकडो किलोमीटरवर चांगली उतरते. मुंबई ते भंडारा हवाई अंतर साडेसातशे किलोमीटरच्या घरातले. म्हणजे गिरगावात बसून बोललेला शब्द वैनगंगेच्या काठी ऐकू यावा, अशीच ही लांबी होती. वरून सरकारी खरखर मिसळली जायची, शेजारी दुसरे केंद्र ओरडायचे, पण काटा हळूहळू फिरवणाऱ्याला तो आवाज सापडत असे.

त्या केंद्राचा दिवस कसा जायचा? सुरुवातीला सकाळ-संध्याकाळ दोन वेळा, हिंदुस्थानीत आणि इंग्रजीत कार्यक्रम व्हायचे. पुढे धोका वाढला तसे संध्याकाळी एकदाच. पण एका संध्याकाळच्या बोलण्यासाठी दिवसभर माणसे राबत. भूमिगत काँग्रेस कचेरीत प्रांतोप्रांतीचे निरोपे येत. कुणी रेल्वेने, कुणी पायी. त्यांच्याकडून आलेले निवडायचे, लिहायचे. बोलायची जागा वेगळी आणि प्रक्षेपकाची जागा वेगळी ठेवायची, म्हणजे एक गेली तरी दुसरी राहील; भाषणे तबकडीवर घ्यायची आणि ती तबकडी कुणीतरी मुंबईच्या रस्त्यातून, पोलिसांसमोरून, घेऊन जायचे. जागा सारखी बदलायची. चौपाटीवरचे ‘सी व्ह्यू’, लॅबर्नम रोडवरचे ‘अजित व्हिला’, सँडहर्स्ट रोडवरचे ‘लक्ष्मी भवन’, आणि अखेर पारेखवाडी. पोलिसांच्या गाड्या दिशाशोधक यंत्रे घेऊन शहरात फिरत होत्या. दोन-तीन ठिकाणांहून दिशा मोजली की त्या रेषा एकमेकींना जिथे छेदतात तिथे केंद्र, इतके ते सोपे गणित. त्यामुळे लहर जितका वेळ हवेत, तितका वेळ गळ्याशी फास.

इतके करून सांगायचे काय? चितगावावरच्या बॉम्बहल्ल्याची बातमी, जमशेदपूरच्या संपाची बातमी, बलियाच्या उठावाची बातमी. आणि आष्टी-चिमूर. उषाताईंनी पुढे स्वतःच्या आठवणींत सांगितले की आष्टी आणि चिमूरच्या अत्याचारांचे संपूर्ण वर्णन काँग्रेस रेडिओने दिले आणि तिथल्या लोकांना मदत करा असे आवाहनही केले. म्हणजे पवनीपासून चाळीसेक किलोमीटरवर घडलेली गोष्ट कुणा निरोप्याच्या पोटात लपून साडेसातशे किलोमीटर गेली, गिरगावात शब्दांत उतरली आणि आभाळावर आपटून परत विदर्भात आली. केवढा हा वळसा. चार गावांपलीकडचे दुःख कळायला इतका वळसा घ्यावा लागणे, याचेच नाव पारतंत्र्य.

तो शब्द भंडाऱ्यात कोणकोणत्या पेटीत उतरला याची नोंद ठेवण्याइतका वेडा त्या काळी कुणी नव्हता, कारण नोंद म्हणजे पुरावा. नोंद ठेवली ती पोलिसांनी. मुंबईत पोलिसांचे लोक रोज कान लावून बसत आणि ऐकलेले शब्दशः उतरवून घेत. खटला चालवायचा म्हणून केलेले ते काम. पण आज काँग्रेस रेडिओवर कोण काय बोलले हे आपण वाचू शकतो ते प्रामुख्याने त्या कागदांमुळे. डॉ. उषा ठक्कर यांनी २०२१ साली या केंद्रावर इंग्रजीत पुस्तक लिहिले, त्यात हा मजकूर विस्ताराने आला आहे. तरुण मित्रांनी ते जरूर वाचावे.

आता एक गोष्ट स्पष्ट बोलतो. काँग्रेस रेडिओ निःपक्षपाती नव्हता. तो लढणाऱ्यांचा आवाज होता. बातमी सांगता सांगता हुकूम द्यायचा, शेतकऱ्यांनी काय करावे, कामगारांनी काय करावे, सैनिकांनी काय करावे. बंदीच्या काळात आलेली प्रत्येक बातमी पारखून घ्यायची सोय त्याच्याकडे नव्हती. म्हणून युद्धकाळात बोलणाऱ्याइतकीच ऐकणाऱ्याचीही जबाबदारी मोठी असते, आणि इथे मला ज्यांच्या नावाने ही व्याख्यानमाला चालते त्या आपल्या गुरुजींची आठवण काढायची आहे.

१९७१च्या डिसेंबरात मी गुरुजींच्या वर्गात होतो. शाळेच्या व्हरांड्यात एक जुना फळा होता, त्यावर गुरुजी रोज सकाळी युद्धाच्या बातम्या खडूने लिहीत. आदल्या रात्री पावणेनऊच्या हिंदी बातम्या ऐकायच्या, काटा फिरवून आणखी कुठले केंद्र मिळते ते पाहायचे आणि सकाळी फळा. तीन तारखेच्या रात्री, मध्यरात्र उलटल्यावर, इंदिराबाई गांधी रेडिओवर बोलल्या. चार तारखेच्या सकाळी फळा गच्च भरलेला होता. पण त्या फळ्याची मांडणी मी दुसरीकडे कुठे पाहिली नाही. प्रत्येक बातमीसमोर गुरुजी कंसात केंद्राचे नाव लिहीत. दिल्ली. बीबीसी. रेडिओ पाकिस्तान. एकच विमानतळ, दिल्लीच्या मते सुरक्षित आणि कराचीच्या मते उद्ध्वस्त, हे दोन्ही एकाखाली एक. आम्ही पोरे चिडायचो. शत्रूचे खोटे फळ्यावर कशाला, असे एकाने विचारलेसुद्धा. गुरुजी म्हणाले, ‘‘कोण बोलतो ते आधी पाहायचं बेटा, मग काय बोलतो ते.’’

फळ्याच्या उजव्या बाजूला एक रेघ मारून ते जागा राखायचे. तिथे रेडिओवर न आलेले लिहायचे. रॉकेल कधी येणार, कुणाच्या घरी सीमेवरच्या पोराचे पत्र आले, कुणाकडे आले नाही. जिच्याकडे पत्र आले नाही त्या माउलीकडे आम्ही संध्याकाळी जाऊन बसायचो, कारण फळ्यावर तिचे नाव वाचलेले असायचे. त्या उजव्या रकान्याचे मोल मला पुष्कळ वर्षांनी कळले, काँग्रेस रेडिओचे वाचू लागल्यावर. चिमूर हा १९४२च्या साऱ्या जगाच्या फळ्यावरचा उजवा रकाना होता आणि तो कोराच ठेवायचा असा हुकूम होता.

परत १२ नोव्हेंबरला येतो. त्या दिवशी पोलिसांनी बाबूभाई खाकरांच्या कचेरीवर छापा घातला. सुगावा लागला होता. नरिमन प्रिंटर, ज्याने प्रक्षेपक जुळवला तोच, पोलिसांच्या हाती लागून फुटला होता. जाळे आवळत चालले आहे हे उषाताईंना दिसत होते. त्या संध्याकाळी केंद्र बंद ठेवता आले असते. एक दिवस गप्प बसले असते, दुसरी जागा पाहिली असती. उषाताई आणि चंद्रकांत झवेरी पारेखवाडीत गेले आणि रोजच्याप्रमाणे कार्यक्रम सुरू केला.

शेवटी ‘वंदे मातरम्’ची तबकडी लागलेली असताना दारावर धक्के बसू लागले. एकामागून एक दारे फोडत पोलीस आत आले, सोबत लष्कराचे तंत्रज्ञ. तबकडी बंद करा, असा हुकूम झाला. उषाताई हलल्या नाहीत. हे आमचे राष्ट्रगीत आहे, असे त्यांनी सांगितले. त्या खोलीचा विचार करा. एका बाजूला दार फोडून आलेला सगळा सरकारी लवाजमा, दुसऱ्या बाजूला दोन तरुण पोरे, आणि मध्ये फिरणारी तबकडी. हवेत जात असलेला तो आवाज थांबवायला हात पुढे करायचा होता तो सरकारने करावा, आम्ही करणार नाही, इतकाच त्यांचा हट्ट. मी या प्रसंगापाशी पुन्हा पुन्हा थांबतो, कारण यात बातमी नव्हती, सांगण्यासारखे काही उरले नव्हते. केंद्र गेलेच होते. पण चालू असलेला कार्यक्रम आपल्या हाताने तोडायचा नाही, हे त्या बावीस वर्षांच्या मुलीने पाळले.

नंतर अनेक महिने चौकशी. परदेशी शिकायला पाठवू, अशी लालूच. मुंबईत विशेष न्यायाधीशांपुढे खटला. उत्तर देणे मला बंधनकारक आहे का, असे उषाताईंनी न्यायाधीशांना विचारले, आणि नाही असे कळल्यावर एकाही प्रश्नाला उत्तर दिले नाही. खाकरांना पाच वर्षे, उषाताईंना चार वर्षे, झवेरींना एक वर्ष. उषाताई येरवड्याच्या तुरुंगातून १९४६ साली सुटल्या, पुढे प्राध्यापिका झाल्या, गांधीविचाराचे काम करत राहिल्या. १९९८ साली पद्मविभूषण मिळाले, २००० साली ऑगस्टातच त्या गेल्या.

आणि चिमूरची बातमी? ती १२ नोव्हेंबरला मेली नाही. त्याच सुमारास सेवाग्रामचे प्राध्यापक भन्साळी चिमूरच्या चौकशीसाठी उपोषणाला बसले होते. व्हाइसरॉयच्या मंडळात बसलेल्या बापूजी अणे यांच्या दिल्लीतल्या दारात ते आधी गेले होते. विदर्भाचाच माणूस सरकारात, म्हणून विदर्भाच्या लेकीबाळींची दाद त्याच्याकडे. तिथून त्यांना परत पाठवले. उपोषण चालू राहिले. सरकारने त्या उपोषणाची बातमी छापायलाही बंदी केली. काँग्रेस रेडिओ गेला होता, वर्तमानपत्रे बांधलेली, एक माणूस वर्ध्याजवळ अन्नावाचून झिजतो आहे आणि देशाला कळू द्यायचे नाही. मग संपादकच उठले. ६ जानेवारी १९४३ रोजी देशातल्या अनेक वर्तमानपत्रांनी हरताळ पाळला, अंक काढला नाही. जिथे रेडिओ बोलून लढला तिथे वर्तमानपत्रे एक दिवस न बोलून लढली. कन्हैयालाल मुन्शी आणि डॉ. ना. भा. खरे मध्ये पडले, सरकारने माघार घेतली, आणि ६३ दिवसांनी, १२ जानेवारीला, भन्साळींनी उपोषण सोडले. चिमूरच्या प्रकरणावरची छापण्याची बंदी उठली. पुढे चिमूर-आष्टीच्या खटल्यांत फाशीची शिक्षा झालेल्या कैद्यांसाठी अनसूयाबाई काळे यांनी जिवाचे रान केले आणि १९४५ साली उरलेल्यांच्या फाशा रद्द होऊन जन्मठेप झाली.

गिरगावातला रेडिओ, सेवाग्रामचे उपोषण आणि संपादकांचा हरताळ, या तिन्हींनी मिळून एका गावाची बातमी देशाला कळवली. आपल्या तुमसरच्या वाट्याला असा रेडिओ आला नाही. म्हणून जाता जाता या सभेला एक विनंती. तुमसर, गोंदिया, साकोली, पवनी, अड्याळ, जिथे जिथे त्या वर्षी काही घडले तिथे आजही काही घरांत ऐकीव गोष्टी आहेत, पेट्यांत जुनी पत्रे आहेत, कुणाच्या माळ्यावर तो व्हॉल्व्हचा रेडिओ आणि त्याच्या परवान्याचे पुस्तक आहे. ज्यांनी प्रत्यक्ष पाहिले ती माणसे आता जवळजवळ संपली. ज्यांनी त्यांच्या तोंडून ऐकले ती अजून आहेत. मोबाइलमध्ये आवाज टिपता येतो. शाळाकॉलेजांतल्या मुलामुलींनी उन्हाळ्यात गावोगाव जाऊन हे आवाज टिपावेत, कोणी सांगितले आणि त्याने कोणाकडून ऐकले तेही शेजारी लिहून ठेवावे, आणि इथल्या वाचनालयात एक कपाट त्यासाठी मोकळे करावे. पहिल्या कपाटाचा खर्च मी देतो. बाकीचे तुम्ही पाहा.